घोरपडीचं फाटक

फाटक बंद मिळालं की आजोबांना आनंद व्हायचा.
बाकीचे हॉर्न वाजवायचे, वाकून स्कूटर पलीकडे काढायचे.
शांतवन रणभिसे, निवृत्त सुवार्तिक,
सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून
खिशातली पेन्सिल शोधायचे.
"मालगाडी आहे. निदान चाळीस डबे.
तुम्हां सगळ्यांचं आरामात आटपेल."

आम्ही नातवंडं सात.
नोएलचा दमा, सुकेशिनीचं जमत नसलेलं लग्न,
धाकट्या अमोसचं अंथरूण ओलं करणं,
सगळं देवापुढे, मोठ्यानं, चारचौघांत.
अमोस रडकुंडीला यायचा, "आजोबा, हळू!"
"अरे, इंजिनाच्या आवाजात
ऐकू जायला नको का त्याला?"

बारावीला मी गणितात उडाले.
पप्पांनी तीन दिवस बोलणं टाकलं.
चौथ्या दिवशी आजोबा म्हणाले, तुझी सायकल काढ.
हडपसर, फुरसुंगी, पुढची कुठलीशी वस्ती,
नाव आता आठवत नाही,
शेवटचा चढ तर ढकलतच.

लिंबाच्या फांदीला त्यांनी चित्रांची गुंडाळी टांगली.
हरवलेलं मेंढरू, कडेनं उंदरांनी कुरतडलेलं.
खंजिरी वाजवली.
कोणी आलं नाही.
पुन्हा वाजवली.
मग एक म्हातारी आली, काठी आडवी ठेवून बसली.
तिला ऐकू येत नाही हे आम्हाला नंतर कळलं.
आजोबांनी सगळं सांगितलं,
कळप, अंधार, काटेरी झुडूप, खांद्यावरून घरी,
एक वाक्य गाळलं नाही.
मी घड्याळ बघत होते.
शेवटी ती उठली,
चित्रातल्या पाठीवरून हात फिरवला
आणि म्हणाली, "केवढ्याला घेतलं?"

परतताना मी हसून हसून सायकलवरून पडायच्या बेतात.
तेही हसले, खोकला येईपर्यंत.
गाडीतळाजवळ उसाचा रस पिताना,
ग्लासातला बर्फ हलवत म्हणाले,
"मनू, बावन्न वर्षांत माझ्यामुळे किती जण वळले,
त्याचे कुणी मार्क धरले
तर मी तुझ्याहून मोठा नापास.
ऑक्टोबरचा फॉर्म भर."
वचन नाही, उपदेश नाही.
सुटे नाहीत म्हणून रसाचे पैसे माझ्याकडून घेतले.

परवा त्यांच्या डायऱ्या उघडल्या.
बँकेनं वाटलेल्या, तारखा खोडून दुसऱ्यांदा वापरलेल्या.
यवत: ऐकणारे तीन, एक झोपलेला.
लोणी: कुत्रं. पायजमा गेला.
सासवड: पाणी दिलं. त्यांचं भलं कर.
आणि एका पानावर, कागद फाटेल इतकं दाबून:
आज तूही बोलला नाहीस.
खाली, दुसऱ्या दिवशीच्या टोक काढलेल्या पेन्सिलीनं,
नोएल – औषध. मनू – ऑक्टोबर.

मी देवळात जात नाही. नाताळला जाते, तेही आईसाठी.
त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही.
शेवटच्या डायरीत अक्षरं रुळांवरून घसरलेली,
तरी प्रत्येकापुढे काहीतरी आहे:
अमोस – व्हिसा. सुकेशिनी – बाळंतपण, नीट.
माझ्या नावापुढे एक रेघ
आणि रेघेपुढे काही नाही.
विसरले असतील. डोळा लागला असेल.
किंवा ती जागा त्यांनी मुद्दाम...
नाही, मी अर्थ काढत बसणार नाही.

आज फाटक पडलं.
हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत,
गाडी बंद केली, एवढंच.
मालगाडीच होती.
तिसऱ्या डब्याला नोएल, मग सुकेशिनी, तिची मुलगी,
अमोसपाशी पोचले तोवर
मागचा रिक्षावाला ओरडला,
"ओ मॅडम, फाटक उघडलंय कधीच!"
थांबा हो, म्हटलं,
अजून तिघं राहिलीत.